तालमीतले मंत्री

पुरानी बस्ती, राजधानी रायपूर
(नुसतं रायपूर लिहिलेलं बाबाले आता चालत नाही.)

तीर्थस्वरूप अनंतमामाच्या चरणी भाचा श्यामकांतचा नमस्कार, अन् मामीलेही तेवढाच, जराही कमी नाही.

इकडे आम्ही सगळे ठीक आहो. आईचे गुडघे थंडीत कुरकुर करून राहिले, पण तोंड त्याहून जास्त चालून राहिलं, म्हणजे तब्येत चांगली समजाची. बाबाच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला. डॉक्टरनं काळा चष्मा दिला, तो ते आता आंघोळीच्या वेळीही काढत नाहीत. (हा चष्मा ध्यानात ठेवा, पुढं काम पडते.) तुमच्या भाचीले, अनुश्रीले, मराठीत विचारलं तं ती हिंदीत उत्तर देते, अन् हिंदीत विचारलं तं उत्तरच देत नाही. तुमचा खोकला बसला का? मामीनं शुगर असूनही संक्रांतीचे लाडू स्वतःच चाखून पाहिले, हे आईले कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका.

तुमचं पत्र भेटलं. रायपूरच्या बाजूच्या उरला गावातल्या रोलिंग मिलमधे गेटवर ट्रकची आवक-जावक पाहाले माणूस पाहिजे, तुमच्या दोस्तानं जागा धरून ठेवली आहे, अन् महिना संपाच्या आत हो का नाही ते कळव, असं तुम्ही लिहिलं. उत्तराले उशीर झाला, माफी असावी. फोन काहून केला नाही म्हणान, तं फोन बाबाच्या खुर्चीजवळ आहे, अन् जे सांगाचं ते बाबाचंच आहे.

तुम्ही म्हणान, पोट्ट्या, एवढी वर्षं तोंडाले रंग फासून राहिला, केलं काय तूनं? तं मामा, मी काम कधीच सोडलं नाही. मंडळाच्या गणपतीत मराठी नाटकं केली, जिथं निम्मे लोक जेवण कधी आहे ते पाहाले आलेले राहतात. राज्य झालं तशी छत्तीसगढी सिनेमाची लाट आली, त्यात मी हीरोचा तो दोस्त आहो ज्याले कानाखाली बसते. (हीरो नवा असला की खरीच बसते.) मलेरियाच्या पथनाट्यात मी डास होतो. केबलवर साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत जो नवरा आहे तो मीच, पण नुसती पाठ दिसते. पाठ चांगली आली असं लोक सांगतात. या धंद्यात टिकून राहाचं तं पाठीच्या कामालेही नाही म्हणू नये, हे माझं तत्त्व आहे. यातलं एकही बाबानं पाहिलं नाही. बोलावलं तं म्हणतात, ज्या कामाले ड्यूटी नाही, वर्दी नाही, रिटायरमेंट नाही, ते पाहाचं काय? (रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यायची जिंदगी गेली. ज्यावर चिठ्ठी चिकटली नाही ते सामान त्यायले सामानच वाटत नाही.)

आता मुद्द्यावर येतो. राजधानी झाल्यापासून आमच्या गावात मंत्री फार झाले. आधी वर्षातून एखादा भोपाळहून येई, स्टेशनवर हार घेई अन् जाई. आता शंकर नगरात दूध आणाले निघालं तं लाल दिव्याच्या गाड्या आडव्या जातात. अन् गावाले मंत्री सांभाळाची सवय नाही. एका उद्घाटनात कात्रीच सापडली नाही, तं मंत्र्यानं फीत दातानं तोडली. दुसऱ्या एका ठिकाणी मंत्र्याच्या खुर्चीवर मंडपवाल्याचा म्हातारा बाप बसला होता, तो उठलाच नाही. तेव्हा एका खात्याच्या साहेबानं (खात्याचं नाव लिहीत नाही, मले पुढंही काम पाहिजे) ठरवलं, की प्रत्येक कार्यक्रमाची आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली पाहिजे. अन् तालमीले मंत्री पाहिजे. खरा मंत्री खऱ्या कार्यक्रमालेच वेळेवर येत नाही, तो तालमीले कुठून येईन? सरकारी मंडपाचं काम आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, भैय्यालालकडे आहे. तो लग्नात कनातही देते, शहनाईवालाही देते, अन् कमी पडले तं वऱ्हाडीही देते. त्यानं साहेबाले सांगतलं, मंत्री भी मिल जाएगा. अन् सरळ माझ्याकडे आला, म्हणे, भैया, बोलना कुछ नहीं है, बस बैठना है.

मामा, बसणं म्हणजे काही नाही असं ज्याले वाटते, त्यानं मंत्री होऊन सोफ्यावर एकदा बसून पाहावं. मी किती तरी कार्यक्रमात मागं उभं राहून अभ्यास केला. मंत्री पाय टाकत नाही, पाय ठेवते, कारण खाली कोणीतरी वाकलेलं असू शकते. मंत्री घड्याळ पाहते ते वेळ समजाले नाही, दुसऱ्यायले समजवाले. आईची शाल पोटाले गुंडाळली, त्यावर जाकीट, भैय्यालालच्या रामलीलेच्या पेटीतल्या मिशा, अन् काळा चष्मा. पहिल्याच तालमीत अडचण आली. फीत दुसऱ्या दिवसासाठी जपाची होती, म्हणून कापता येत नाही. दिव्यातलं तेल जाळाची मंजुरी नाही. नारळ तं आलाच नव्हता. मग मी फीत हवेतच कापली, न पेटलेल्या ज्योतीले हाताचा आडोसा केला, अन् नसलेला नारळ असा फोडला, की बाजूच्या इंजिनियरनं रुमाल काढून पँटवरचं पाणी पुसलं. नंतर त्यानंच मले कोपऱ्यात नेलं अन् बस्तरहून (तो कार्यक्रमापुरताच इकडे आला होता) रायपूरले बदलीचं काही जमते का ते विचारलं. आता त्याले माहीत होतं मी कोण आहो ते, त्याच्यासमोरच मी मिशा चिकटवल्या होत्या. मी म्हटलं, देखते हैं. अन् बाप्पा, त्याची बदली झाली. मिठाई घेऊन आला. माझा त्यात काही हात नाही हे मले माहीत आहे, त्यालेही माहीत असंन, पण मिठाई मी घेतली. भूमिका अर्ध्यात सोडता येत नाही.

साहेबाले हुरूप चढला. म्हणे, पब्लिकचीही तालीम झाली पाहिजे. पण तालीम आहे असं सांगतलं तं पब्लिक मनापासून टाळ्या वाजवत नाही, म्हणून ते सांगाचं नाही. शंकर नगरात कोणत्या तरी भवनाचं भूमिपूजन होतं, त्याच्या तालमीले ट्रक भरभरून लोक आणले, अन् सभ्य दिसतात म्हणून पेन्शनर मंडळीले पुढच्या रांगेत बसवलं. माइक तपासाले मले दोन शब्द बोलाले सांगतलं. मी बराच वेळ बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण विकास पुष्कळ झाला. मग निवेदन द्याची रांग लागली, अन् त्या रांगेत, मामा, इस्त्रीचा शर्ट घालून, काळा चष्मा लावून, बाबा उभे.

पळावं तं समोर पब्लिक, मागं साहेब. बाबा पुढं पुढं सरकून राहिले, अन् माझ्या पोटावरची शाल खाली खाली. शेवटी आले समोर. त्यायनं त्यायच्या काळ्या चष्म्यातून मले पाहिलं, मी माझ्या काळ्या चष्म्यातून त्यायले. मले वाटलं, आता सगळ्यायसमोर कान धरतात. तं त्यायनं हात जोडले अन् कंबरेतून वाकले. पार्सल ऑफिसात मोठ्यातला मोठा साहेब आला तरी हा माणूस वाकला नाही, मामा, अन् माझ्यासमोर वाकला. म्हणे, साहेब, मेरा एक ही लड़का है. खराब नहीं है, एक्टिंग करता है. उसको कहीं पक्की जगह लगा दीजिए, मेरे बाद उसका क्या होगा. खराब नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकून राहिलो होतो. मागून साहेब कुजबुजले, हाँ बोलिए, लाइन रुक रही है. अन् माझ्या आतला तो नालायक मंत्री माझ्याआधी बोलला. त्यानं बाबाच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हटलं, काका, चिंता मत कीजिए, एक्टिंग भी काम है, और आपके लड़के का काम हो जाएगा. बाबा म्हणे, हव साहेब, आप कहते हैं तो है.

मिशा काढून घरी आलो तं आईनं शिरा केला होता. बाबा खुर्चीत बसून तिले सांगून राहिले होते, मंत्री असावा तं असा, खांद्यावर हात ठेवला त्यानं, आपल्या पोट्ट्याले एवढी माया असती तं अजून काय पाहिजे होतं. अनुश्रीले सगळं माहीत आहे (शालीची घडी तीच घालून देते). तिनं माझ्याकडे पाहिलं अन् थंडपणे म्हटलं, भैया, आप तो गए. तेव्हापासून बाबा पाऱ्यात पेढे वाटून राहिले, अन् भेटंल त्याले सांगून राहिले की ॲक्टिंगही काम आहे, खुद्द मंत्री म्हणाले. हेच मी मिसरूड फुटल्यापासून सांगून राहिलो, तं मले वेड्यात काढलं. अन् वरून मलेच म्हणतात, त्या माणसापासून काही शीक, बोलणं कसं राहते ते शीक.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाबा आठवण द्याले खऱ्या भूमिपूजनाले गेले. (एकाच भवनाचं भूमिपूजन दोनदा काहून, हे कोणी विचारलं नाही, सरकारी काम आहे.) खरा मंत्री उन्हं उतरल्यावर आला. नारळ त्याच्यानं फुटंना, शेवटी ड्रायव्हरनं फोडला. भाषणात भवनाचं नाव चुकला. बाबानं हात जोडले तं, कौन लड़का, म्हणून गाडीत जाऊन बसला. बाबा घरी आले ते तापलेलेच. म्हणे, आज तोतया पाठवला होता. चाल नाही, आवाज नाही, खांद्यावर हात ठेवाची अक्कल नाही, हा कसला मंत्री, असली तं कालचा होता. अन् आता येत्या सोमवारी पेन्शनर मंडळीले घेऊन ते बंगल्यावर जाणार आहेत. मंत्र्याच्या जागेवर कोणी नकली माणूस बसला आहे, अशी तक्रार ते त्या मंत्र्यालेच देणार आहेत.

माझी पंचाईत पाहा. खरं सांगतलं तं बाबाले कळंल, की आपण हात जोडले ते आपल्याच पोट्ट्याले. ते त्यायले सहन होणार नाही, अन् मले तं आत्ताच होऊन नाही राहिलं. त्या दिवसापासून मी त्यायच्याकडे सरळ पाहू शकलो नाही, मामा. नाही सांगतलं तं सोमवारी ते बंगल्यावरून घरी येतात का ठाण्यात जातात ते सांगता येत नाही. अन् उरल्याचं नाव काढलं की म्हणतात, मंत्र्यानं शब्द दिला असताना माझा पोट्टा ट्रक काहून मोजंल? तुम्ही मोठे आहा, चार माणसात वावरलेले आहा, आता तुम्हीच मार्ग दाखवा. खोकल्यावर अडुळसा घ्या. मामीपासून लाडवाचा डबा दूर ठेवा.

तुमचा आज्ञाधारक (यावेळी खरंच),
श्यामकांत

ता. क. : उरल्याच्या जागेले नाही म्हणणारं बाबाचं कार्ड तुम्हाले येईन. ते मानू नका. जागा धरूनच ठेवा. मी येतो म्हणून सांगा, पण सिनेमाचं काम निघालं तं सुटी भेटते का तेही विचारून ठेवा.

आणखी ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. रविवारच्या गाडीनं रायपूरले या. बाबा जगात तुमचंच ऐकतात. त्यायले बसवून शांतपणे सांगा, की तो मंत्री म्हणजे आपला श्याम होता, अन् सोमवारचं जाणं थांबवा. मी तेव्हा घरी राहणार नाही, भैय्यालालच्या गोदामात गाद्यांच्या मागं असीन.

शेवटचा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा लिहून राहिलो. सांगाच्या आधी एक काम करा. एकदा त्यायले कळलं, की मग ते माझ्याबद्दल नेहमी बोलतात तेच बोलतीन. म्हणून आधी, जेवणं झाल्यावर, सुपारी कातरता कातरता सहज विचारा, भाऊजी, तो मंत्री होता तरी कसा? चांगला होता म्हणाले तं तिथंच थांबू नका. काय चांगलं होतं ते विचारा. चाल का, आवाज का, बोलता बोलता मधेच थांबत होतो ते का. मधे बोलू नका, पुरं बोलू द्या, अन् मग गोदामात येऊन मले जसंच्या तसं सांगा. त्यानंतर त्यायनं घराबाहेर काढलं तरी चालते. बाबानं पाहिलेलं माझं काम हे एकच आहे.