केळफुलाच्या रंगाचं पाणी

आईचं निळीचं पिंप तुम्ही मला न विचारता ओतलं. नमस्कार नंतर करते नाना, आधी हे ऐका. आई गेली तेव्हा मी शाळेत चौथीला होते. दिवस होईस्तोवर मला मावशीकडे बोदवडला पाठवलंत. परत धुळ्याला आले तर पिंप भिंतीला उपडं. नीळ मरू नये म्हणून रोज सकाळी आई त्यात गूळ-चुना घालायची, काठीनं ढवळायची, वर गोणपाट टाकायची. तुम्ही लुगडी रंगवायचे, पण ते पिंप तिचं होतं. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणाले, "काय रडी ऱ्हायनी? सडेल पानी व्हतं ते." सडलं असेल. तुम्ही रंगारी, तुम्हाला कळत होतं. पण ओतताना मला हाक मारायची होती.

इतक्या वर्षांनी हे का उकरते, तर माझ्या घरात तेच झालं. पोरगा गेला. तुम्ही त्याला पाहिलं नाही, तुमच्यामागं झाला. जळगावला लग्नांचं शूटिंग करायचा, घरी बसून कॉम्प्युटरवर त्याची फिल्म बनवायचा. चोपड्याच्या एका लग्नाची अर्धी फिल्म नवरीकडे दाखवून येताना रस्त्यात गाडीखाली आला. त्याच्याबद्दल याच्यापुढं मी लिहीत नाही.

त्याच्या कॉम्प्युटरचं लिहिते. ते यंत्र काम करताना तापतं. लोक पंखे लावतात, आमच्या शहाण्यानं नळ्या लावल्या. काचेची पेटी, आत काचेसारख्या नळ्या, त्यातून पाणी फिरतं. तापलेल्या भागावरून जातं, जाळीत येऊन थंड होतं, परत जातं. ट्रकच्या रेडिएटरसारखंच, फक्त याला रंग घालून मिरवायचं. मी म्हटलं, नळाचं ओत. म्हणाला, "माय, आपला हंडा पाहिला का आतून? पांढरा थर बसतो. तोच इथं बसेल." मग बॅटरीत घालतात ते पाणी आणलं, शेवाळ धरू नये म्हणून औषध आणलं, आणि दुधासारखा दाट असा एक पांढरा रंग आणला. दाट पाणी पेटीत उठून दिसतं म्हणे. त्यात त्याला केळफुलाचा रंग पाहिजे होता. खरं केळफूल आणून ओट्यावर ठेवलं, वाटीत थेंब थेंब टाकत बसला. "माय, देख ना, लाल जास्ती व्हई गया का?" मी भाकरी थापते आहे, हात पिठाचे. लांबूनच म्हटलं, "निया टाक आखो एक थेंब." निळा पडला आणि वाटीत केळफूल उतरलं. रंगाऱ्याची पोर आहे मी, डोळा तुमचाच आहे. त्या दिवशी तो वाटी घेऊन गल्लीभर दाखवत फिरला. चाळिशीचा घोडा.

तो गेल्यावर सुनेनं खोलीला कुलूप घातलं. वर्षश्राद्धापर्यंत खोली उघडायची नाही, दारात दिवा लावायचा. मीही हो म्हटलं. घरातला माणूस गेला की त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, असंच आपण समजतो. पण ते दाट पाणी फिरतं ठेवावं लागतं, थांबलं की रंग खाली बसतो, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला सुचलं नाही. वर्ष झालं. नातीनं खोली उघडली. चोपड्याचं ते शेवटचं लग्न त्या यंत्रातच अर्धं पडलेलं. नवरीच्या बापाचे फोन येत होते, आणि पोरीला ते आपल्या हातानं पुरं करायचं होतं. बटण दाबलं तर नळ्यांत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या पळायला लागल्या. यंत्र तापलं, बंद पडलं. परत लावलं, परत बंद. नात म्हणाली, "आजी, हे पाणी काढून सगळं धुवावं लागेल. नाहीतर जळेल, आणि पप्पांचं काम आतच जाईल." सून दारात आडवी उभी. "त्यांनी भरलंय ते. त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय घरात. काढायचं नाही."

दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. नात म्हणाली, मम्मी बाजारात गेली की काढते. नाना, तेव्हा मला तुमचा असा राग आला की पोरीच्या पाठीत धपाटाच घातला. म्हटलं, चोरून नाही काढायचं. मग सुनेला हाताला धरून आणलं, तिच्या हातात पातेलं दिलं. "तू धर. दुसऱ्या कुणी धरायचं नाही." नातीनं खालची नळी सोडली. आधी फिकं गुलाबी आलं, मग गाळ आला, वांग्याच्या सालीसारखा काळपट. थेंब पडायचे थांबले. सून पातेल्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच होतं?"

नाना, मला तिथून उठून जावं लागलं.

तापीत सोडू म्हणाली. नात म्हणाली, मासे मरतील मम्मी, विष आहे. मग कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दिलं, तो गाड्यांचं जुनं पाणी गोळा करतो. आतली तांब्याची बारीक जाळी आम्ही दात घासायच्या ब्रशनं धुतली, बॅटरीच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा खंगाळली. नात म्हणे, आजी, केळफूल परत बनवू. मी नाही म्हटलं. सून म्हणाली, रंगच नको, साधं पाणी राहू दे. मी म्हटलं, "अगं, तुला नाही नेसवलं पांढरं, यंत्राला कशाला नेसवतेस?" तर हसली. वर्षानं हसली, आणि हसता हसता रडली. मग तिनंच निवडला, केळीच्या नव्या पानाचा हिरवा. दाट नाही, आरपार दिसेल असा, खाली काही बसणार नाही असा. चोपड्याचं लग्न पुरं झालं. नवरीकडून पेढे आले. सुनेनं पहिला पेढा फोटोपुढं ठेवला.

हे पत्र पेटीत पडायचं नाही, मला वेड लागलेलं नाही. तरी एक लिहून टाकते. आता दुपारी काम नसलं तरी मी नातीला ते यंत्र लावायला सांगते, पाणी फिरतं राहावं म्हणून. तसं काही नाही, हे पाणी थांबलं तरी बिघडत नाही. त्याचा घूं घूं आवाज आला की पोरगा आत बसलाय असं वाटतं, आणि मला झोप लागते.

हिरवा बरा दिसतो का, एवढं विचारायचं होतं. तुम्ही उत्तर देऊ नका, तुम्हाला विचारलेलं नाही. तो तिथंच कुठंतरी असेल, त्याला बसवा आणि लिहायला लावा. आणि मला नको. बायकोच्या नावानं लिही म्हणावं.