सुई मी लावली

प्रिय सूनबाई,

विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? व्याह्यांचा खोकला कसा आहे? औषध घेतात, की बाटली नुसती कपाटाची शोभा? छोटीचा पुढचा दात पडला म्हणे. बोळक्या तोंडाने ती ‘आजोबा’ कसं म्हणते ते ऐकायला कान आसुसलेत. तुझी चौकशी मुद्दाम शेवटी करतोय. तू ‘मी बरी आहे’ एवढंच लिहिणार, आणि माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.

तुझ्या सासूबाई सकाळी फिरायला जातात आणि येताना शेजारणीशी एखादं भांडण उकरून आणतात, म्हणजे तब्येत ठीक. मीही अजून तुम्हा दोघांच्या प्रयोगशाळेत जातो. निवृत्त माणसाला कोण विचारतं? पण मोजणीच्या यंत्राची केसाएवढी सुई टेकवायची वेळ आली की तरुण मंडळी ‘काका, या ना जरा’ म्हणतात. घड्याळं दुरुस्त करणारा मी. रेडिओच्या मिलिमीटर लहरी म्हणजे काय ते तुम्हा दोघांनी शिकवलं, जेवणाच्या टेबलावर, वाट्या सरकवत. सिलिकॉन लहर पिऊन टाकतं, म्हणून ते खालून कोरून काढायचं, वर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा ठेवायचा, आणि त्यावर सोन्याच्या रेघा जवळजवळ अधांतरी. झाला फिल्टर, हवी ती लहर सोडणारा, बाकीच्या अडवणारा. आमचा लेक म्हणायचा, “बाबा, रेघेखाली हवा हवी, बाकी काही नको.” त्यावर तू, “याच्या डोक्यातही तेवढीच भरली आहे.”

त्याची शेवटची सिलिकॉनची चकती कोरणीच्या द्रावणात होती, तेव्हा तो दवाखान्यात होता. मीच ती बाहेर काढली, धुतली, वाळवली. सांगायला गेलो तर तो शुद्धीवर नव्हता. मग आलाच नाही. ज्याने फिल्टर आखला त्यानेच पहिली सुई टेकवायची, ही आपल्याकडची रीत. त्याच्यामागे तो मान तुझा. तू म्हणालीस, “बाबा, मीच मोजीन, पण आत्ता नको.” चकती कोरड्या हवेच्या कपाटात गेली, तू माहेरी गेलीस. येतेस तेव्हा दर खेपेला काचेतून बघतेस आणि बसची वेळ झाली म्हणतेस. मी कधी टोकलं नाही. खरं सांगू? मोजला नव्हता तोवर माझ्यापुरता तो फिल्टर चालतच होता.

सोमवारी दुपारी मी तो मोजला. सुई पहिल्याच खेपेला नेमकी टेकली, त्याचंच वाईट वाटलं. त्याने शिकवलं होतं, आलेखात मधे सपाट पठार दिसलं पाहिजे, दोन्ही बाजूंना उभे कडे. पठार नव्हतंच. मधोमध खचलेलं, आणि सगळंच एका बाजूला सरकलेलं. केबल बदलली, यंत्र पुन्हा जुळवलं, चकतीवरचे बाकीचे फिल्टरही घेतले. तेच. रेघांमधली फट आखल्यापेक्षा मोठी निघाली होती. अशा वेळी तो खुर्ची मागे ढकलून म्हणायचा, “चला, पुन्हा!” मी यंत्र बंद केलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. “चालला का?” “नाही.” त्या एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं, त्याला कळलं नाही.”

आता तू रागावशील. तुझा मान मी विचारल्याशिवाय घेतला. पण विहीणबाईंनी फोनवर सगळं सांगितलं. ते शाळेतले मास्तर, ज्यांच्या सायकलवरून छोटी उतरायला तयार नसते, त्यांनी तुला लग्नाचं विचारलं, आणि तू म्हणालीस, “नवऱ्याचं एक काम अजून माझ्याकडे राहिलंय.” म्हणून लावली सुई. ते काम आता राहिलेलं नाही, पोरी. फसलं, पण संपलं. उत्तम निघालं म्हणून लिहायचा मोह झाला होता. त्याच्या कामाबद्दल तुला खोटं सांगणं जमेना. मास्तरांना हो म्हण, नाहीतर नाही म्हण, ते तुझं तू ठरव. फक्त आमच्या लेकाला त्या कपाटात ठेवून ठरवू नकोस. आणि हो म्हणालीस तर हे घर तुझं दुसरं माहेर, त्यात बदल नाही. मला तोंडभर बोल, पण तुझ्या अक्षरात बोल, आणि लवकर लिही. सासूबाई टपालवाल्याची वाट बघतात आणि मला सांगतात, मी कुठे बघतेय!

तुझेच,
बाबा