बंद रस्त्यावर वाजवलेली घंटी

लोणावळे, शुक्रवार, दिवेलागण

तार अजून माझ्याच खिशात आहे. कार्ल्याच्या आबांचा मुलगा लढाईत पडला, एवढंच तीत आहे.

कार्ल्याच्या वेशीशी मोरीचं काम चाललंय म्हणून रस्ता खणून काटे टाकलेत. तिथं सवयीनं सायकलची घंटी वाजवली. मूर्ख! पत्र असलं तरच हा पोस्टमन घंटी वाजवतो, हे सारं गाव जाणतं. आबा खड्ड्यापलीकडे धावत आले.

"पोराचं पत्र व्हय?"

मुकादम मला म्हणाला, "बांधावरनं वळसा घाला की, सायकल जातीय."

जात होती. तरी मी ओरडलो, "रस्ता बंद आहे, आबा. उद्या आणतो."

का वाजवली ती घंटी?

आबा हसले. "उद्या तर उद्या. पत्र आलं न्हवं, आज दोन घास ग्वाड लागत्याल."