लक्षणांचे दिवस

बाबा, आज तुमची फाईल माझ्या टेबलावर आली. तुम्ही गेलात त्याला आता पाच वर्षं होत आली, आणि इतक्या काळानंतरही तुमच्यावर एवढं चिडता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी अजून त्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. आमच्या एक डॉक्टर मॅडम कोरोनाच्या जुन्या फायलींवर अभ्यास करतायत. दाखल झालेल्यांपैकी कोण वाचलं, कोण नाही, आणि कशाकशामुळे. तुम्हाला ठेवलं होतं ते तात्पुरतं केंद्र बंद झालं तेव्हा तिथले सगळे कागद गोण्यांत भरून आमच्याकडे पाठवले होते. त्या गोण्या आता सुटतायत. मी एकेक फाईल उघडते आणि कॉम्प्युटरवर रकाने भरते. वय. शुगर. बीपी. किडनी. दाखल होताना ऑक्सिजन किती. लक्षणं सुरू झाल्यापासून किती दिवसांनी आले. शेवटचा रकाना, घरी गेले की नाही. महिनाभर हेच करतेय, हात आपोआप चालतो. आज फाईल उघडली, आपला दिंडोशीचा पत्ता दिसला, आणि पहिल्या पानावर तुमची उत्तरं. शुगर, नाही. लक्षणं, दोन दिवस.

शुगर नाही? अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत होतात. देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी तुमचा गोळ्यांचा डबा असायचा. आणि दोन दिवस? केंद्राच्या दारात बांधलेल्या दोरीच्या अलीकडे मी उभी होते. नातेवाईकांना पुढे सोडत नव्हते, मी फॉर्म भरत होते आणि तुम्ही व्हीलचेअरवर बसून पांढऱ्या किटमधल्या डॉक्टरांना ही उत्तरं देत होतात. दुसऱ्या दिवशी फोनवर, शुगरचं सांगितलंत ना, असं मी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणालात, "शुगर सांगितली तर जास्त दिवस ठेवतत." रक्त तपासून त्यांना त्याच दिवशी शुगर कळली होती, बाबा. रिपोर्ट फाईलला लावलेला आहे. लपवून तुम्ही कुणाला फसवलंत?

मला राग खोटं बोलण्याचा नाही. खोटं तुम्ही बोललात, याचा आहे. दुसरं कुणी असतं तर समजून घेतलं असतं. तुम्ही तीस वर्षं ट्रॉम्बेला एका कारखान्यात बॉयलरवर होतात. दर तासाला काट्यावरचा आकडा बघून वहीत लिहायचा, हीच तुमची नोकरी. मी सातवीत असताना शाळेतून प्रयोग दिला होता, पाणी तापत ठेवायचं आणि दर दोन मिनिटांनी थर्मामीटर बघून तापमान लिहायचं. मला खेळायला जायचं होतं. मी दोनदा बघितलं आणि पुढचे आकडे मनानेच लिहिले, दर वेळी आठ-आठ वाढवून. तुम्ही ड्युटीवरून आलात, चहा घेता घेता माझी वही उचललीत. एक नजर टाकलीत. "ह्या तू बघून लिवलंस?" मी हो म्हणाले. तुम्ही कप खाली ठेवलात. "पाणी असा सरळ तापणा नाय गो." मग स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवून पुन्हा पातेलं चढवलंत. आई भाकऱ्या थापायला खोळंबलीय, आणि मी स्टुलावर बसून रडत रडत आकडे वाचतेय. तुम्ही बाजूला उभे. खरंच ते सरळ चढत नव्हतं. मध्येच रेंगाळत होतं, मध्येच धावत होतं. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला घड्याळ दिलंत, तेव्हाही हेच. "टायम लिवताना अंदाज लिवायचो नाय."

आणि तुमचं स्वतःचं काय? दुसऱ्या लाटेत तुम्हाला ताप आला. पहिल्या दिवशी म्हणालात, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी, सर्दी आसा, वाफ घेतलंय की जातली. सोसायटीच्या बाकावर मास्क हनुवटीला लावून चौघांबरोबर बसायचात, त्यातले दोघे तेव्हा खोकत होते. मी टेस्टचं नाव काढलं की तुमचं एकच, "थंय गेलेलो माणूस परत येणा नाय." मी आणि तुम्ही रोज सकाळी भांडायचो आणि मी तणतणत ड्युटीला जायचे, कारण तेव्हा आम्हाला रजा नव्हत्या. शेवटी तिसऱ्या दिवशी एवढ्यावर तडजोड झाली की तुम्ही घरीच वेगळ्या खोलीत राहाल, आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर मी आणून देईन, त्यावर दिवसातून चार वेळा बघून लिहायचं. आकडा उतरला तर निमूट हॉस्पिटलात यायचं. तुम्ही लगेच कबूल झालात. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर तुम्ही लिहीत होतात. तुमचं ते बॉयलरच्या वहीतलं अक्षर, वेळ, आकडा, पुढे सही. ९७. ९६. ९७. ९६. मी रोज घरी आले की दारातूनच ते पान बघायचे आणि बरं वाटायचं. तापाच्या सहाव्या दिवशी मला दुपारीच सोडलं. आले तर तुम्ही खुर्चीत पुढे वाकून बसलेले, ओठ काळपट. मी स्वतः तुमच्या बोटाला मशीन लावलं. ८४. मला वाटलं मशीन बिघडलं. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अगं, ते माझ्या बोटाला लावून लिहीत होते."

म्हणजे चार दिवस त्या डायरीत आईचा ऑक्सिजन होता. "तिका सांगू नको," म्हणून तुम्ही आईला दम भरला होता आणि आई गप्प राहिली. मी आईवर ओरडले, तुमच्यावर ओरडले, ॲम्ब्युलन्सवाल्यावर ओरडले. आईला दमा, आईला ताप, आईची टेस्ट तुमच्या मागोमाग पॉझिटिव्ह आली. मी म्हटलं आता ही पण जाणार. ती आठ दिवस घरात पडून उठून बसली. आणि दहा जिने चढून धाप न लागणारे तुम्ही केंद्रात नवव्या दिवशी गेलात.

त्या नऊ दिवसांच्या सिस्टरांच्या नोंदी मी आज पहिल्यांदा वाचल्या. पेशंट मास्क काढतो. ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपायला सांगितलं, पेशंट तयार नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मला माहीतच होतं. फोनवर तुम्ही सांगितलं होतं, मी काय तान्हा पोर आसंय पालथा पडूक. आणि पेजेत मीठ नाही ही तक्रार. पाचव्या दिवसाची नोंद वाचली तेव्हा मात्र मी फाईल बंद केली. आज पेशंट स्वतःहून तीन तास पालथा झोपला, असं लिहिलंय. मग हेच आधी का नाही केलंत? चार दिवस कुणाला दाखवत होतात की मी ऐकत नाही?

मी तशीच मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, ही फाईल चुकीची आहे. शुगर होती. आणि दोन नाही, सहा दिवस झाले होते." त्या वयाने माझ्याहून लहान आहेत, पण मला ताई म्हणतात. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. "बसा ताई. वडील का?" मग म्हणाल्या, "शुगर रिपोर्टवरून घेऊ. दिवस मात्र फाईलमध्ये आहेत तेच भरावे लागतील. घरच्यांची आठवण धरता येत नाही." मी चिडले. म्हटलं, मला माहीत असताना खोटं कसं भरू? त्या म्हणाल्या, "तुम्ही भरू नका, मी भरते. पण तुम्ही महिनाभर फायली बघताय. किती जणांनी दोन दिवस सांगितलंय?" जवळजवळ सगळ्यांनी, बाबा. मी भरत गेले आणि माझ्या लक्षातही आलं नाही. इतके सगळे नेमके दुसऱ्याच दिवशी कसे येतील? सगळ्यांनी घरी दिवस काढले होते आणि सगळे दोरीपलीकडे जाऊन खोटं बोलले होते.

मॅडम म्हणाल्या, त्या रकान्याखाली टीप घालू, की हे दिवस पेशंटने सांगितलेले आहेत, खरे जास्त असू शकतात. मी विचारलं, सहाव्याऐवजी तिसऱ्या दिवशी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "लवकर आलेले जास्त वाचतात, एवढं कागद सांगेल. तुमच्या वडिलांचं नाही सांगणार." मला या उत्तराचाही राग आला. नव्वदीच्या एका आजींची फाईल मी परवाच भरली, शुगर, बीपी, एक किडनी गेलेली, आणि घरी गेल्या. मग मॅडमनी विचारलं, "सहा दिवसांत एकदाही म्हणाले नाहीत, की त्रास होतोय?"

मी म्हटलं, नाही. एकदाही नाही. हेच मी सगळ्यांना सांगत आलेय.

तापाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी मी ड्युटीवरून आले, आंघोळ करून ओल्या केसांनी तुमच्या दाराशी उभी राहिले. तुम्ही पलंगावर बसला होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "जरा दम लागता गो. खंय दाखवूया काय?" तेव्हा आम्हालाही कोविड वॉर्डच्या नोंदणीवर लावलं होतं, मी किटमध्ये दहा तास उभी राहून आले होते. सकाळचं भांडण डोक्यात होतं. मी डायरी बघितली, ९६. त्याच्या वर ९७, त्याच्या वर ९६. मला ते पुरेसं होतं. मी म्हटलं, "रीडिंग चांगलं आहे ना, मग उद्या बघू." तुम्ही "बरा" म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झालात.

मॅडमना हे मी सांगितलं नाही. आईलाही माहीत नाही. त्या सहातला एक दिवस माझा आहे.