उजवी पापणी

मंगळवार, १२ मार्च

प्रिय मालकीणबाई,

तिकडची खुशाली फोनवर कळतेच, इकडचीही तशीच समज. तुझ्या आई वॉकर धरून खोलीभर फिरतात आणि तुझ्या वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, म्हणजे खुब्याचं ऑपरेशन चांगलंच झालं म्हणायचं. घरी सगळं ठीक. वॉशिंग मशीन पुन्हा गळायला लागलं होतं, मीच उघडून दुरुस्त केलं. आता गळत नाही, फक्त फिरतही नाही. कुंड्यांना रोज पाणी घालतो. एक झाड वाळलं, पण ते तू जायच्या आधीपासूनच रुसलेलं होतं.

तलावावर वार्षिक चाचणी पुढच्या सोमवारी आहे. खोल पाण्यातून तो माणसाच्या वजनाचा सरावाचा पुतळा वर काढायचा, ओढत काठापर्यंत आणायचा, आणि या वेळी नव्या मॅनेजरबाई हातात घड्याळ घेऊन उभ्या राहणार. त्यावरून मुख्य जीवरक्षक कोण ते ठरेल. इतकी वर्षं ठरवायची वेळच आली नाही, मीच होतो. यंदा माझ्या हाताखालच्या लांब्यालाही व्हायचं आहे. तयार झालाय गडी, परवाच त्याने एक उडी मारली, सुरेख मारली. पण पुतळा काढण्यात अजून माझ्या मागे आहे, आणि ती खुर्ची मी सोडणार नाही हे तुला सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. आठवडाभर तू विचारते आहेस, व्हिडिओ कॉल का घेत नाही. कॅमेरा बिघडलेला नाही, मी बिघडलोय. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि याला बरीच वाक्यं लागणार आहेत.

मी कपाळात इंजेक्शनं घेतली. सुरकुत्या जाण्याची.

हसून घे पोटभर, मग पुढे वाच.

झालं असं, की नव्या फलकासाठी आमचे फोटो काढले. माझा फोटो पाहून मॅनेजरबाई म्हणाल्या, काका दमलेले दिसतात. मी दमलेला? अर्धा तलाव माझ्या निम्म्या वयाचा आहे आणि माझ्या मागे धापा टाकतो. पण जन्मभर चमकणाऱ्या पाण्याकडे डोळे बारीक करून पाहिलं की कपाळाची चटई होणारच. लोक दंड पाहत नाहीत, तोंड पाहतात.

म्हणून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वाटलं होतं, तिथे एकटा पुरुष मीच असेन. कसलं काय! एक सायकलवाला, एक टेनिस शिकवणारा, एक डोंगर चढणारा, सगळे सडपातळ, सगळे उन्हाने रापलेले, आणि सगळे मासिकात तोंड खुपसून बसलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हा व्यायामवाल्यांचं असंच असतं, अंगावर चरबी नाही तशी गालावरही नाही, वरून ऊन. शरीर चाळिशीचं आणि चेहरा साठीचा. औषधाने कपाळाचे स्नायू सैल पडतात, पुरुषांना जरा जास्त लागतं, आणि फार हालचाल करणाऱ्यांचं लवकर उतरतं असंही काहीजण म्हणतात. मग पथ्य सांगितलं. एक दिवस व्यायाम नको, वाकायचं नाही, कपाळ दाबायचं नाही. मी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

पथ्य पाळलं गं मी. धावलो नाही, वजनं उचलली नाहीत. फक्त संध्याकाळी तलाव मोकळा दिसला म्हणून पोहलो. पोहणं हा व्यायाम आहे हे माझ्या डोक्यातच येत नाही, तू आंघोळीला व्यायाम म्हणशील का? आणि पोहायचं म्हणजे पोहण्याचा चष्मा आलाच. आत पाणी शिरत होतं म्हणून पट्टी करकचून आवळली. त्याच्या कडा नेमक्या भुवयांवर, सुया टोचल्या होत्या तिथेच रुतून बसल्या.

चार-पाच दिवसांनी कपाळ फरशीसारखं गुळगुळीत झालं आणि उजवी पापणी खाली आली. दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवतात ना, तशी. धावत गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध पापणीच्या स्नायूपर्यंत उतरलं, काही आठवड्यांत उघडेल, तोवर हे थेंब घाला. मी विचारलं, जास्त धावलो तर लवकर उतरेल का? त्या हसल्या आणि नाही म्हणाल्या. तरी मी दोन वेळा धावतो.

तोवर काळा चष्मा लावतोय. उन्हात बसणाऱ्याने काळा चष्मा लावला तर कुणाला नवल वाटणार? सोमवारी चाचणी देणार, पुतळा वर काढणार. त्याला छाती लागते, पापणी नाही. माझं ठरलंय, फक्त तुला आधी कळावं म्हणून हे लिहिलं.

आईंना सांगू नकोस. तुझ्या भावाला तर मुळीच नको.

तुझा,
दीड डोळ्यांचा नवरा


शनिवार, १६ मार्च

प्रिय मालकीणबाई,

तुझं उत्तर काल कुरिअरने आलं. मला वाटलं होतं चार पानं शिव्या असतील. तू चार ओळी लिहिल्यास, त्याही तुझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतेस तशा. खुर्चीवर बैस. काळा चष्मा काढ. नजर जवळच्या पाण्यावर ठेव आणि मान हलवू नकोस. उजवीकडचा पलीकडचा कोपरा दिसतो का? बस्स. खाली नावसुद्धा नाही.

नाही दिसत.

काल दुपारी बसून पाहिलं, पण पाहायची गरज नव्हती. लांब्याच्या उडीचं तुला लिहिलं होतं ना, ती उडी माझ्या कोपऱ्यात होती. बँकेतल्या एक बाई नुकत्याच शिकायला येतात. त्यांच्या हातून कठडा सुटला. बुडणारा माणूस ओरडत नाही, गुपचूप खाली जातो, हे आजवर मीच सगळ्यांना शिकवत आलो. पापणीखालून मला पाणी शांत दिसत होतं. लांब्या पलीकडच्या खुर्चीवरून झेपावला आणि त्यांना वर घेऊन आला. बाई खोकल्या, थोड्या रडल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. लोकांनी लांब्यासाठी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तो माझ्याकडे बघत होता. त्यानंतरही मी त्याच खुर्चीवर बसत होतो, मान ताठ मागे टाकून, आणि तुला विनोदी पत्र लिहीत होतो. मला माझी लाज वाटते.

तुझं पत्र खिशात घालून तडक मॅनेजरबाईंच्या खोलीत गेलो. लांब्यालाही हाक मारली, कारण हे त्याच्यासमोरच बोलायला हवं होतं. काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

म्हटलं, "या डोळ्याने मला उजवा कोपरा दिसत नाही. त्या दिवशी बाई माझ्या बाजूला बुडत होत्या आणि मला दिसल्या नाहीत. हा उघडेपर्यंत मला खुर्चीवर बसवू नका."

त्यांनी विचारलं काय झालं, मी सगळं सांगितलं, सुयांपासून पट्टीपर्यंत. त्यांनी चेहरा सरळ ठेवला, त्यांना त्याचे पैसेच मिळतात. लांब्याला मात्र राहवलं नाही. "काका, दुखतं का हो ते?" एवढंच त्याने विचारलं, आणि इतक्या मायेने विचारलं की मला त्याचा राग धरता आला नाही.

नियम सरळ आहे. खुर्ची नाही तर चाचणी नाही, चाचणी नाही तर पद नाही. सोमवारी लांब्या एकटाच देणार, वर्षभर मुख्य तोच. गळ्यातली शिट्टी काढून मी त्याच्या हातात दिली. नंतर कपडे बदलायच्या खोलीत जरा वेळ बसून राहिलो. वाईट वाटलं, खूप वाटलं, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

आता मी लॉकरच्या चाव्या देतो. लोक विचारतात, काका, तुम्ही इथे कसे? मी डोळा दाखवतो आणि कारणही सांगतो. पोहायला येणाऱ्या एकाने तर गुपचूप डॉक्टरांचं नाव विचारलं, त्याचे डॉक्टर महाग पडतात म्हणे. मी त्याला नाव दिलं आणि पट्टीचंही सांगितलं. पुढच्या वर्षी मी चाचणी देणार. पंचावन्न पुरी झालेली असतील, कपाळाची पुन्हा चटई झालेली असेल, आणि पुतळा लांब्याच्या आधी वर आलेला असेल. आज सकाळपासून तयारी सुरू केली.

आता एकच राहिलं, आणि तेच लिहायला जड जातंय.

मॅनेजरबाईंवर मी उगाच आळ घेतला. त्या माझ्या चेहऱ्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. फोटो खरा, पण तो मी घरी आणला होता, आणि तू जायच्या आदल्या दिवशी तो हातात धरून तुझ्या बहिणीशी फोनवर बोलत होतीस. मी टॉवेल घ्यायला आलो होतो, दाराशी थांबलो. तू म्हणालीस, "हे आता अगदी आमच्या बाबांसारखे दिसायला लागलेत."

तेव्हा तू हसत होतीस की तुला वाईट वाटत होतं, ते दाराआडून कळलं नाही. आत येऊन विचारायला हवं होतं. पाण्यात कुठेही उडी मारतो मी, पण त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. टॉवेल न घेताच परत गेलो. तुला माझ्यात तुझा नवरा दिसेनासा झाला की काय, एवढीच भीती होती. चाचणीची कधीच नव्हती.

तू येशील त्या रविवारी मी स्टेशनवर असेन. काळा चष्मा लावणार नाही. गाडीतून उतरलीस की आधी माझ्याकडे नीट बघ, मग काय दिसतं ते तोंडावर सांग. बाबांसारखा दिसतो म्हणालीस तरी चालेल, पण या वेळी मला सांग, बहिणीला नको. मी जागचा हलणार नाही.

तुझाच,
दिसतो तेवढ्याच वयाचा