शिखरावरची हवा बरी नाही

२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. निम्मं पत्र एका बकरीबद्दल होतं. ते बाबांना फार आवडलं, पण तू जेवतोस काय आणि झोपतोस कुठे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. असो. डोंगराखालच्या निवाऱ्यात मे महिन्यापासून टिकून आहेस हे वाचून मी दुकानात हातातली चष्म्याची काच खाली ठेवली आणि पत्र पुन्हा वाचलं. गेल्या चार वर्षांतलं हे तुझं सातवं काम.

पण त्या पत्रानं घोळ केलाय. बाबांना आता ते शिखर चढायचंय. मोजणी खात्यात तीस वर्षं नकाशावर त्याची उंची लिहिली आणि पाय एकदाही ठेवला नाही, हे त्यांना निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खटकलंय. डॉक्टर म्हणतात, हृदय दमलंय, एक मजलासुद्धा मध्ये थांबून चढा. मी तसं म्हटलं की ते दोन मजले शीळ घालत चढून दाखवतात आणि मग न्हाणीघराची कडी लावून अर्धा तास धापा टाकतात. तेव्हा हृदयाचं नाव काढायचं नाही. तू नुसती हवा वाईट आहे असं कळवत राहा. हवेवर ते चिडत नाहीत. खोटं कसं बोलायचं ते तुला शिकवायला नको.

माझा लोभ आहे, पण त्याची परीक्षा बघू नकोस.
तुझी ताई


१४ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही इथे यायचं म्हणताय हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. पण हवेचं काही खरं नाही. काल, म्हणजे तेरा तारखेला, लिंबाएवढ्या गारा पडल्या. बकरी पलंगाखाली शिरली आणि तिच्यामागून मी. आता तुम्ही म्हणाल, सप्टेंबरात येतो. निवाऱ्याच्या मालकीणबाई म्हणतात की सप्टेंबरात गारा थांबतात पण धुकं येतं. एक गिऱ्हाईक दोन तास स्वतःचा बूट शोधत होतं, तो पायातच होता. ऑक्टोबरात धुकं जातं पण वारा सुटतो. दोरीवरची चादर पलीकडच्या खोऱ्यात सापडते, तीही दुसऱ्याच कुणाच्या दोरीवर. नोव्हेंबर ते मार्च बर्फ. एप्रिलला बर्फ वितळून चिखल. मे महिन्यात चिखल वाळतो तोवर दुपारच्या विजा सुरू. चढण्याजोगा दिवस वर्षातून एखादाच येतो आणि तो कुठला होता हे तो गेल्यावरच कळतं. म्हणून तर इथे आठवड्याला दोन माणसंसुद्धा फिरकत नाहीत.

तुम्ही घरीच बरे. बकरीचं पुढे काय झालं ते सविस्तर लिहीन.

कृपा असावी; ती असते, म्हणूनच मागायला धीर होतो.
आपला आज्ञाधारक (हे ताईनं लिहायला सांगितलं होतं),
भिंगरी


२८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना मी असं काही लिहिलंय की ते छत्री घेऊन झोपतील. गंमत म्हणजे माझं इथलं काम नेमकं याच्या उलटं आहे. रोज सकाळी डोंगराच्या खांद्यावर जायचं, अर्ध्या तासाची चढण. तिथे लाकडी पेटीत तापमापक आहे आणि काठीला फडकं बांधलंय. दोन्ही बघायचं, शिखराकडे बघायचं आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. ते वाचून मालकीणबाई माणसांना वर सोडतात. जूनमध्ये एकदा मी अंथरुणातूनच खिडकीबाहेर बघून ‘हवा छान’ लिहिलं. एक मास्तर आणि त्यांची बायको चार तास विजांमध्ये कड्याखाली बसून होते. खाली आल्यावर त्या बाईंनी वही मागून माझी ती ओळ मोठ्यानं वाचली. तेव्हापासून एक दिवस चुकलो नाही. सकाळी वहीत खरं, दुपारी बाबांना खोटं, पेन एकच.

तू मात्र स्वतः एक शब्द न बोलता बाजूला उभी राहून पुण्य कमावते आहेस, हे लक्षात ठेवलंय.

लोभ ठेव, उपदेश काढून ठेव.
तुझा भिंगरी


१५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गारांचं वाचून काळजी वाटली. म्हणून तुझ्या मालकीणबाईंना परस्पर पत्र टाकलं, की चढायची इच्छा असलेला एक वयस्कर गृहस्थ हवेच्या नोंदी मागतो आहे. बाई कामसू दिसतात. जूनपासूनच्या कार्बनच्या प्रती पाठवल्या. अक्षर ओळखीचं निघालं.

तेरा ऑगस्ट: ‘आकाश निरभ्र, वारा नाही.’ एवढी लिंबं कुठे घरंगळली ते कळव. तुझी चार पत्रं आणि तुझीच वही शेजारी ठेवून वाचली. एकाच डोंगरावर दोन हवामानं असतात हे आमच्या खात्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं. हा शोध तुझ्या डोक्यातला नाही, त्यामागे चष्म्याच्या काचा घासणारं कुणीतरी आहे. तिला मी काही बोललेलो नाही. तिला मित्राकडे जातो असं सांगणार आहे. खोटं बोलणं आपल्या घरात सगळ्यांनाच जमतं असं दिसतं.

एक मात्र कबूल करतो. नोंदी सलग ऐंशी दिवसांच्या आहेत. तू शाळेत सलग आठ दिवस गेलेला मला आठवत नाही. या नोंदींचा कल बघता ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा योग्य दिसतो. तीन तारखेला येतो. तुझ्या पत्रांतल्या हवेवर माझा विश्वास नाही, वहीतल्या हवेवर आहे.

आशीर्वाद आहेत, ते पुरवून वापर.
तुझे बाबा


१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा मित्राकडे नाहीत, इथे आहेत. सुखरूप आहेत. शिव्या नंतर दे, आधी वाच. टपाल इथून आठवड्यातून एकदा जातं, आणि गेल्या आठवड्यात मला धीर झाला नाही.

चार तारखेला हवा इतकी स्वच्छ की मलाच तिचा राग आला. बाबा बूट बांधायला बसले. मी म्हटलं, दुपारून बिघडेल. ते म्हणाले, लिंबं पडणार असतील तर पिशवी घेतो. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर दुसऱ्या बुटाची गाठ जास्तच घट्ट आवळली. शेवटी म्हटलं की आधी माझ्या कामाला खांद्यापर्यंत चला, वाट तीच आहे. ते त्यांना पटलं.

मला अर्धा तास लागतो. आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली. अकरा वेळा थांबलो. दर वेळी बाबा जमिनीच्या मोजणीतलं काहीतरी समजावून सांगायचे आणि मी काही विचारलं की एवढंही कळत नाही का म्हणायचे, पण ते जरा वेळानं, श्वास आल्यावर. मी अकराच्या अकरा वेळा ऐकून घेतलं. लहानपणी ऐकलं असतं तर आज मोजणी खात्यात असतो.

पेटीजवळ पोचल्यावर ते दगडावर बसले. ओठ काळसर पडले होते. बराच वेळ शिखराकडे बघत राहिले. तिथून माथा अगदी हाताशी वाटतो, पण पुढे तीन तासांची उभी चढण आहे. मग म्हणाले, धुकं येणार, आज नको. ताई, आभाळात कापसाएवढासुद्धा ढग नव्हता. मी म्हटलं, हो, येतंय खरं.

तेव्हापासून रोज हेच. रोज खांद्यापर्यंत जातो, रोज बाबांना धुकं दिसतं, रोज ते म्हणतात उद्या बघू. उतरताना माझ्या चालण्याला, टोपीला आणि मालकीणबाईंच्या कॉफीला नावं ठेवतात. बकरीशी मात्र त्यांचं बरं जमलंय.

काल तर माझ्या इथल्या सगळ्या दिवसांत कधी नव्हती एवढी स्वच्छ हवा होती. माथ्यावरचे दगड मोजता आले असते. बाबा म्हणाले, फारच धुकं आहे, काही दिसत नाही. मग माझ्या हातून वही घेतली, म्हणाले, तुझ्या ओळी चढावर जातात, आज मी लिहितो. मी तोंड फिरवून फडक्याकडे बघत राहिलो.

खाली आल्यावर वही उघडली. ओळ सरळ, अक्षर कोरल्यासारखं. ‘आकाश पूर्ण निरभ्र. वारा नाही. वर जाण्यास उत्तम दिवस.’

मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस. धुकं निवळलं की त्यांना घरी घेऊन येतो.

लोभ असू दे, दोघांवरही.
तुझा भिंगरी