अदलाबदलीची सहल

रविवार, ता. ३

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या घरी सुखरूप पोचलो. किल्ली शेजारच्या काकूंकडे मिळाली. फोटोतल्यापेक्षा मी बराच बुटका आहे, असं त्यांनी ती देता देता ऐकवलं.

तू माझ्या घरात आणि मी तुझ्या घरात, ही कल्पना माझीच, त्यामुळे तिला नावं ठेवायचीही सोय नाही. तुला कुंड्या सोडवत नाहीत, मला मांजर. म्हणून इतकी वर्षं आपण दोघं जागचे हललो नाही. आता मी तुझ्या कुंड्यांना पाणी घालायचं, तू माझ्या मांजरीला दूध. फावल्या वेळात मी तुमचं तळं बघायचं, तू आमचा घड्याळाचा मनोरा. अशी बिनतोड योजना आखणाऱ्या शहाण्याच्या एकच गोष्ट लक्षात आली नाही, की यात आपली भेटच होत नाही! ती लक्षात आली वाटेत जंक्शनवर, तुझी गाडी समोरच्या रुळावर उभी असलेली बघून. मी रुमाल हलवत एकेक डबा न्याहाळला. एका बाईंनी माझ्याकडे बघून धाडकन खिडकी लावून घेतली. तू काही दिसली नाहीस.

येताना वाचनालयातून पर्यटनावरचं जाडजूड पुस्तक आणलंय. माणसं प्रवास का करतात, याचा त्यात काथ्याकूट आहे. कुणी विश्रांतीला जातं, कुणी हवापालटाला आणि कुणी शेजाऱ्यांना सांगता यावं म्हणून. हे शेवटचं वाचताना जरा ओशाळलो, कारण निघण्यापूर्वी समोरच्या इस्त्रीवाल्याला मी चारदा सांगून आलोय.

तळं उद्या बघीन. एक विचारायचं राहिलं. स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीलगत ही कमरेइतक्या उंचीची दोरी कुणी बांधली? कपडे जमिनीला टेकतात. शिंप्याच्या बहिणीला एवढं कळू नये? मी पायजमा दुमडून वाळत घातलाय.

मांजरीला माझी आठवण येत असेल तर कळव, आणि माझ्यावरचा लोभ तिच्याहून कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
टाचणी

•

गुरुवार, ता. ७

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

खिडकी लावून घेणारी बाई मीच. समोरच्या गाडीतून कुणी टकल्या म्हातारा बायकांना रुमाल हलवत होता. शाळेत मुलींना जे शिकवलं, ते मी स्वतः पाळलं. मला लांबचं दिसत नाही रे. सख्ख्या भावाच्या तोंडावर खिडकी आपटायला आपण घर सोडलं म्हणायचं!

मांजरीला तुझी आठवण येत नाही. ती दिवसभर तुझ्या शिलाई मशीनवर झोपते, आणि झाकणावरचे तिचे केस बघता ही तिची जुनी सवय दिसते. तुझ्या पत्रांवरून मला वाटलं होतं, दारात गिऱ्हाइकांची रांग असेल. मी मेली खास नवी साडी नेसून आले, चार लोकांत बरं दिसावं म्हणून. इस्त्रीवाल्याला विचारलं, तर तो आधी कोळसे सारत बसला. मग म्हणाला, हिवाळ्यापासून दुकान बंद आहे, दादांच्या सुईत दोरा जात नाही.

मला राग आला. मग मी दुकानाचं दार उघडून बसले, नुसतीच. तेवढ्यात एक गृहस्थ पँट कमी करायला घेऊन आले. नाही म्हणायची लाज वाटली. जवळचं मला अजून चांगलं दिसतं, दोरा एका झटक्यात ओवला. पुढचं मात्र सांगण्यासारखं नाही. एक पाय घोट्यापर्यंत आला, दुसरा पोटरीपर्यंत. सायकल चालवायला हे बरं पडेल, असं म्हणून ते गेले. देवमाणूस!

मनोरा अजून बघितला नाही. त्याचे टोले ऐकू येतात, म्हणजे तो असणार. जन्मभर भूगोल शिकवला, मुलींकडून प्रवासाचे फायदे घोकून घेतले, आणि स्वतः बाहेर पडले ती तुझ्या दुकानात येऊन बसले.

दोरीचं मनावर घेऊ नकोस, कपड्यांचीच आहे. वर जाऊ नकोस, नुसती अडगळ आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

आशीर्वाद पुरून उरतील एवढे आहेत, सवडीने वापर.

तुझी,
ताई

•

रविवार, ता. १०

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊ नकोस म्हटलं की पर्यटक तिथे जातोच. पुस्तकात त्याला जिज्ञासा म्हटलंय, आपल्या आईने आगाऊपणा म्हटलं असतं. वर गेलो.

वरच्या खिडकीत बसून तळं बघत लिहिते आहे, असं गेल्या महिन्यातसुद्धा तुझ्या पत्रात होतं. त्या खिडकीची कडी गंजून घट्ट बसली आहे. मी रोज पाणी घालतो त्या दारातल्याच कुंड्या, वर गॅलरीतल्या कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्यात. जिन्यापासून खिडकीपर्यंत धुळीत पावलं उमटली होती, ती सगळी माझी. खाली आलो तेव्हा कळलं, की मी झोपतो ती पडद्यामागची खाट पाहुण्यासाठी खाली आणलेली नाही, तू तिथेच झोपतेस. आणि मग ती दोरी बघितली. वळणावर ती गुळगुळीत झाली आहे, शेजारची भिंत हाताने काळवंडली आहे. पायजमा काढून घेतला. मापं चुकवून नवरदेवांना भर मांडवात उघडं पाडलं मी, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. काकूंना खोदून विचारलं. तू दोनदा पडलीस, आणि मला कळवायचं नाही अशी त्यांना तंबी होती. मी तुझ्या खाटेवर बसून रडलो, ताई. काकू चहा घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या.

माझ्या दुकानाबद्दल तू लिहिलंस, त्यावर काय बोलू? दोघांनीही एकाच ताग्यातलं कापड वापरलं.

तळं काही बघितलं नाही. बोटीपर्यंत गेलो होतो, पण तिथले सगळे जोडीने आलेले. एकट्याने वल्हवत कुणाला काय दाखवायचं?

आता नीट ऐक. ठरल्याप्रमाणे रविवारी दोघंही निघालो, तर जंक्शनवर पुन्हा तू खिडकी लावशील. मग इथे येऊन ही दोरी धरून एकटी चालशील, आणि तिथे मी मशीनवरच्या मांजरीशी गप्पा मारीन. मला ते नको आहे. मी इथून हलत नाही. तू ये. मांजरीकडे तोवर इस्त्रीवाला बघेल. निदान चार दिवस आपण दोघं एका छपराखाली राहू.

रागावलीस तरी ये. लोभ या वेळी पत्रातून नको, समक्षच घेऊन ये.

तुझा,
टाचणी

•

गुरुवार, ता. १४

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी खूप रागावले. मला राखणदार नको आहे, असं चार पानं लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि शेगडी पेटवायला इस्त्रीवाल्याला देऊन टाकलं. एवढं चांगलं अक्षर वाया गेलं.

तुझ्या पुस्तकवाल्याला माझ्यातर्फे कळव, की मी मनोरा बघायला निघालेच नव्हते. तू कसा राहतोस ते मला बघायचं होतं, आणि तू घरात असतास तर बघू दिलं नसतंस. तूही तळं बघायला आला नव्हतास. साठी उलटलेली दोन माणसं एकमेकांच्या घरात चोरून डोकावतात आणि त्याला सहल म्हणतात. आपल्या आईला काय तोंड दाखवणार आहोत कोण जाणे.

रविवारी निघते. इस्त्रीवाला गाडीत बसवून देतो म्हणाला. तू स्टेशनवर ये आणि रुमाल हलव. या वेळी खिडकी उघडी ठेवते.

तुझी मोठी कात्री, टेप आणि सुयांचा डबा बांधून घेतलाय. दोरा मी ओवीन, कापायचं आणि शिवायचं तू बघ. पँटवाल्या गृहस्थांना पत्ता दिलाय, पण ते येतील असं वाटत नाही. मनोरा राहिला, तो पुढे कधीतरी दोघं मिळून बघू, खरेखुरे पर्यटक म्हणून. किल्ली इस्त्रीवाल्याकडे ठेवते.

आणि हो, मांजरीची काळजी करू नकोस. टोपलीत घालून तिलाही आणते आहे. त्यामुळे चार दिवसांनी घाईघाईने परत जायला तुला काही कारण उरणार नाही.

दोरीवर खुशाल पायजमा वाळत घाल.

तुझी,
ताई